एका नावाचे सहा राजे

वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्याच, असा आपल्या चिटणीसबाईंनी आग्रह धरला. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पाककृती नाहीतर विणकामाचा एखादा नमुना लिहून द्यावा, असे आधी मनात होते. पण गेल्या वर्षी आमच्या घरी एका बारशावरून जो वाद झाला, त्यापायी मी इतिहासाची चार पुस्तके वाचली. तेच आपल्यापुढे ठेवते. चुकले तर सांभाळून घ्या.

वाद असा झाला. आमच्या पहिल्या नातवाचे बारसे ठरले. मुलाला माझ्या मामंजींचे नाव ठेवावे, असा मी हट्ट धरला. गंमत पाहा, जे नाव सव्वीस वर्षांत मी एकदाही तोंडाने उच्चारले नाही, तेच पाळण्यात घालायला निघाले! सूनबाईच्या मनात दुसरे नाव होते. ती बोलली काही नाही, पण तिचा चेहरा उतरला. पणजोबांचे नाव मिळाले की त्यांचे गुणही येतात, असे मी तिला ऐकवले.

आपली वसई म्हणजे देऊळ आणि देवालय एका रस्त्यावर. आमच्या शेजारी एक वयस्क ख्रिस्ती बाई राहतात, त्यांना आम्ही सारे मावशी म्हणतो. आमचे बोलणे त्यांच्या कानावर गेले. त्या हसून म्हणाल्या, "आमच्या घरी चार पिढ्या जुवांव हेच नाव आहे. पोर्तुगालच्या सहा राजांचे हे नाव. सहाही जण सारखेच निघाले का, ते वाच आणि मग मला सांग." मी ते मनावर घेतले आणि वाचनालयाची वाट धरली.

पहिला जुवांव गादीचा हक्कदार नव्हताच. तो राजाचा अनौरस मुलगा. सावत्र भाऊ 1383 साली वारला तेव्हा भावाच्या जावयाने, म्हणजे शेजारच्या कॅस्टीलच्या राजाने, पोर्तुगालवर हक्क सांगितला. त्या राजाचे नाव हुआन, म्हणजे त्यांच्या भाषेतला जुवांवच. 1385 साली आल्जुबारोटाच्या रणात या दोन नामबंधूंची गाठ पडली आणि पोर्तुगालचा जुवांव जिंकला. त्या गावच्या एका भटारणीने भट्टीतल्या लांब फळीने सात शत्रू लोळवले, अशी दंतकथा तिकडची आजीबाई अजून सांगते. पुढे 1387 साली त्याने इंग्लंडच्या फिलिपाशी लग्न केले. सासऱ्याचे नाव जॉन, म्हणजे पुन्हा तेच! फिलिपाने मुले अशी वाढवली की पोर्तुगीज लोक त्या पिढीचे नाव आजही अभिमानाने घेतात. समुद्रसफरींचा पाया घालणारा हेन्री हा तिचाच मुलगा. आणि एक गोष्ट मला फार नवलाची वाटली. गादीवर आला तो मुलगा दुआर्त. हे नाव म्हणजे इंग्रजांचे एडवर्ड, फिलिपाच्या आजोबांचे नाव. सहाशे वर्षांपूर्वी राजघराण्यात आईच्या माहेरचे नाव चालले!

दुसरा जुवांव हा पहिल्याचा पणतू. म्हणजे आमच्या बाळासारखाच, पणजोबांचे नाव घेऊन आलेला. 1481 साली गादीवर आला. हुशार आणि कर्तबगार. त्याच्याच कारकिर्दीत 1488 साली बार्तोलोमेव दियाशने आफ्रिकेच्या टोकाला वळसा घातला आणि हिंदुस्थानची वाट मोकळी झाली. पण घरात काय केले? राणी लिओनोरच्या बहिणीच्या नवऱ्याला 1483 साली फितुरीच्या आरोपावरून मारवले. पुढच्याच वर्षी राणीच्या सख्ख्या भावाला स्वतःच्या हाताने भोसकले. त्या बाईने त्यानंतर कसा संसार केला असेल, याचा विचार करून मी रात्रभर जागी होते. 1491 साली त्यांचा एकुलता एक मुलगा घोड्यावरून पडून गेला. राजाला आपला अनौरस मुलगा गादीवर बसवायचा होता. लिओनोरने ते होऊ दिले नाही. तिचा धाकटा भाऊ मॅन्युएल राजा झाला आणि त्याच्याच वेळी 1498 साली वास्को द गामा कालिकतला उतरला. लिओनोरने नुसते दुःख कुरवाळले नाही. त्याच 1498 साली तिने लिस्बनला मिझेरिकॉर्दिया नावाची दयाळू संस्था काढली. रोगी, कैदी, अनाथ यांची सेवा हे तिचे काम. ती संस्था पाचशेहून अधिक वर्षे चालू आहे. तिच्याच धर्तीवर गोव्यातही संस्था निघाली. नवऱ्याचे राज्य गेले, बाईने लावलेले झाड उभे आहे. आपल्या मंडळाने ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

तिसरा जुवांव 1521 ते 1557 राजा होता. आपल्या वसईचा संबंध येथून सुरू होतो. 1534 साली गुजरातच्या बहादूरशहाने तह करून वसई पोर्तुगीजांना दिली, मुंबईची बेटेही त्यात गेली. याच राजाने 1536 साली पोर्तुगालमध्ये इन्क्विझिशन, म्हणजे धर्माच्या नावाने चौकशी करून शिक्षा देणारे न्यायालय, आणले. 1560 साली ते गोव्यात आले, तेव्हा राजा मेला होता आणि त्याची राणी कॅथरीन नातवाच्या नावाने कारभार पाहत होती. बाईच्या हातून सारेच चांगले होते असे नाही, हेही लिहिले पाहिजे. पण या राजाराणीचे दुःखही ऐका. त्यांना नऊ मुले झाली आणि नऊच्या नऊ बापाच्या देखत गेली. शेवटचा मुलगा जुवांव मॅन्युएल 1554 च्या जानेवारीत वारला, तेव्हा त्याची बायको जुवाना गरोदर होती. नवऱ्यामागे अठरा दिवसांनी तिला मुलगा झाला. चार महिन्यांत तिला माहेरी स्पेनला परत जावे लागले. बाळ आजीजवळ राहिले. आई आणि मुलगा यांची पुन्हा भेट झाली नाही. तो मुलगा सेबास्त्यांव 1578 साली मोरोक्कोत लढाईत पडला. त्याला मूल नव्हते. दोनच वर्षांत पोर्तुगाल स्पेनच्या हाती गेला.

याच नावाचा एक मोठा अधिकारी त्या काळी गोव्यात होता, जुवांव द कास्त्रू. 1546 साली दीवच्या वेढ्यात त्याचा मुलगा मारला गेला. पडलेला किल्ला बांधायला पैसा नव्हता. तेव्हा त्याने गोव्याच्या लोकांकडे कर्ज मागितले आणि तारण म्हणून आपल्या दाढीचे केस पाठवले. लोकांनी पैसे दिले. राजाच्या नावापेक्षा या चाकराची पत मोठी!

चौथा जुवांव मुळात ब्रागांसाचा सरदार. 1640 साली स्पेनविरुद्ध उठाव झाला आणि लोकांनी त्याला राजा केले. त्याचे मन कचरत होते, बायको लुइझा हिने धीर दिला, असे सांगतात. त्याने 1646 साली राजमुकुट देवमातेच्या मूर्तीला वाहिला आणि तेव्हापासून पोर्तुगालच्या राजांनी डोक्यावर मुकुट घातला नाही. तो 1656 साली वारला. लुइझाने मुलाच्या नावाने राज्य चालवले आणि 1661 साली लेक कॅथरीन हिचे लग्न इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सशी ठरवले. आंदणात काय दिले, ते तुम्हाला ठाऊक आहेच. मुंबई! 1665 साली इंग्रजांनी ती ताब्यात घेतली आणि 1668 साली राजाने वर्षाला दहा पौंड भाड्याने कंपनीला देऊन टाकली. ज्या मुलीपायी मुंबई गेली तिला सासरी मूल झाले नाही आणि नवऱ्याची अंगवस्त्रे डोळ्यांसमोर वावरत. विधवा होऊन ती माहेरी आली आणि 1704 मध्ये आजारी भावाचा कारभार तिने नेटाने सांभाळला. आंदण सगळ्यांना आठवते, लेक कोणाला आठवत नाही.

पाचवा जुवांव चौथ्याचा नातू. 1706 साली गादीवर आला तेव्हा ब्राझीलच्या खाणींतून सोन्याचा पूर वाहत होता. त्याने मूल होण्यासाठी नवस केला. 1711 साली मुलगी झाली आणि नवस फेडण्यासाठी माफ्रा येथे 1717 साली प्रचंड मठ आणि राजवाडा बांधायला काढला. हजारो मजूर राबले. इकडे 1739 साली चिमाजी अप्पांनी वसईला वेढा घातला. लिस्बनला बातमी पोहोचायलाच कित्येक महिने लागत. मे महिन्यात वसई पडली. पाडाव झालेल्यांना बायकामुलांसह आणि चीजवस्तूंसह बाहेर पडण्याची मोकळीक मराठ्यांनी दिली, हे वाचून मला बरे वाटले. तिसऱ्या जुवांवाच्या वेळी आलेली वसई पाचव्याच्या वेळी गेली. दोनशे पाच वर्षांचा हिशेब एका नावात सुरू झाला आणि त्याच नावात मिटला.

सहावा जुवांव पाचव्याचा पणतू. थोरला भाऊ 1788 साली देवीच्या रोगाने गेला म्हणून राज्य याच्याकडे आले. आई मारिया राणी, पण तिला वेड लागले, म्हणून हा तिच्या नावाने कारभार पाही. 1807 च्या नोव्हेंबरात नेपोलियनचे सैन्य आले, तेव्हा हा आई, बायको, मुले आणि सारा दरबार जहाजात घालून ब्राझीलला निघून गेला. दुसऱ्याच दिवशी फ्रेंच सैन्य लिस्बनमध्ये शिरले. लोकांनी पळपुटा म्हटले, पण त्याने राज्य वाचवले असेही म्हणणारे आहेत. बायको कार्लोता त्याच्याविरुद्ध कट करी. 1821 साली तो परत आला आणि पुढच्या वर्षी मुलाने ब्राझील स्वतंत्र केला. 1826 साली तो वारला. 2000 साली त्याच्या जपून ठेवलेल्या हृदयाची तपासणी झाली तेव्हा त्यात सोमल सापडला. विष कोणी घातले, ते कोणाला सिद्ध करता आले नाही.

सहा राजे मी वाचून संपवले. एक शूर, एक करारी, एक अभागी, एक संकोची, एक उधळ्या, एक चतुर की भित्रा कोण जाणे. पणतूंनी पणजोबांचे नाव घेतले, पण पणजोबांसारखा एकही झाला नाही. नाव सहाजणांचे एक, कर्म ज्याचे त्याचे.

मी हे मावशींना सांगायला गेले. त्या म्हणाल्या, "आता मुळातला जुवांव कोण तेही ऐक." मग त्यांनी त्यांच्या शास्त्रातली कथा सांगितली. 24 जूनला गोव्यात सांजांवचा सण होतो, माणसे फुलांचे मुकुट घालून विहिरींत उड्या मारतात, तो ज्या संताचा, त्या योहानाची. त्याचे बारसे होते. सगळे नातेवाईक म्हणाले, मुलाला बापाचेच नाव ठेवा. आई म्हणाली, नाही, याचे नाव योहान. तुझ्या कुळात हे नाव कोणाचेच नाही, असे नातेवाइकांनी तिला बजावले. बापाची वाचा गेलेली होती. त्याला विचारले, तेव्हा त्याने पाटी मागवली आणि तेच नाव लिहिले.

मी गप्प बसले. ज्या नावाला मी पिढ्यानुपिढ्यांचे नाव समजत होते, ते मुळात एका आईने कुळाची रीत मोडून ठेवलेले होते.

घरी आले आणि सूनबाईला म्हणाले, "तुझ्या मनात जे नाव आहे ते ठेव." ती रडली. बारशाला आत्याने बाळाच्या कानात तेच नाव सांगितले. मामंजींचे नाव आम्ही पाळण्यातले म्हणून ठेवले आहे, आणि सव्वीस वर्षांनी ते माझ्या तोंडून निघते. त्यांचा सत्यवक्तेपणा बाळात यावा, एवढी माझी इच्छा आहे. पण तो नावातून येणार नाही, घरातून यावा लागेल, हे आता मला कळले आहे.