शकुंतला रेल्वेचा करार आणि संगणक-आज्ञावलीची मालकी : एक ऐतिहासिक बोध

बाहेरच्या संस्थेकडून काम करवून घेण्याची पद्धत संगणकयुगात जन्मली, हा समज यवतमाळच्या इतिहासापुढे टिकत नाही. वऱ्हाडातील कापूस मुंबईकडे नेण्यासाठी किलिक-निक्सन या ब्रिटिश व्यापारी संस्थेने १९१० मध्ये रेल्वे कंपनी स्थापन केली. यवतमाळ-मूर्तिजापूर हा अरुंदमापी मार्ग या कंपनीच्या मालकीचा होता. गाड्या मात्र करारान्वये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे चालवीत असे. पुढे रेल्वेचे राष्ट्रीयीकरण झाले, तरी 'शकुंतले'ची मालकी खासगी कंपनीकडेच राहिली. मालक एक, चालक दुसरा ही कराराने निर्माण केलेली स्थिती अनेक दशके टिकली.

जिल्ह्यातील जिनिंग कारखानदार किंवा व्यापारी बाहेरच्या कंपनीकडून इंटरनेटवर चालणारी प्रणाली तयार करून घेतो, तेव्हा हाच प्रश्न पुन्हा उद्भवतो. प्रताधिकार अधिनियम, १९५७ नुसार आज्ञावली ही साहित्यकृती ठरते. नोकराने नोकरीचा भाग म्हणून लिहिलेली आज्ञावली, विरुद्ध करार नसल्यास, मालकाची होते. स्वतंत्र कंत्राटदाराने लिहिलेली मात्र लेखी हस्तांतरणाविना त्याचीच राहते. केवळ मोबदला दिल्याने प्रताधिकार मिळत नाही.

म्हणून आज्ञावलीची मूळ संहिता, साठवलेली माहिती आणि देखभाल यांवरील हक्क व जबाबदारी कामाच्या आरंभीच लेखी निश्चित करणे आवश्यक आहे, असा निष्कर्ष निघतो.