सलग वेळ आणि तुटक वेळ : ऑनलाईन रोल-प्लेइंग खेळांच्या इतिहासातील अल्पवेळ खेळाडू

दिवसभराचे अध्यापन, उत्तरपत्रिका आणि घरची कामे आटोपल्यावर ज्याच्या हाती जेमतेम एक तास उरतो, अशा व्यक्तीने ऑनलाईन रोल-प्लेइंग खेळाच्या वाटेला जावे काय? प्रश्न वरवर छंदाचा वाटतो. परंतु हजारो माणसे जिथे भेटतात, मैत्री जोडतात आणि व्यापारही करतात, अशा जगात प्रवेश कोणाला मिळतो, हा सामाजिक इतिहासाचाही प्रश्न आहे. या खेळात प्रत्येक खेळाडू एक काल्पनिक पात्र धारण करतो आणि इतरांसमवेत एका सामाईक जगात त्या पात्राची शक्ती व संपत्ती वाढवत नेतो. खेळाडू निघून गेला तरी ते जग चालूच राहते. वेळेची अडचण इथेच सुरू होते. मात्र ही अडचण एकूण तासांची कमी आणि सलग तासांची अधिक आहे, असे प्रस्तुत लेखात मांडावयाचे आहे.

या परंपरेचा आरंभ 1978 मध्ये इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात झाला. रॉय ट्रबशॉ या विद्यार्थ्याने सुरू केलेला आणि रिचर्ड बार्टल यांनी पुढे वाढवलेला ‘मड’ हा खेळ केवळ शब्दांचा होता, चित्र नव्हतेच. विद्यापीठाबाहेरील लोकांना त्यात प्रवेश मिळे तो रात्री उशिरा, संगणक रिकामा असताना. म्हणजे ज्याला रात्र जागवता येते त्याचाच हा खेळ, ही अट अगदी प्रारंभीच, आणि तीही कोणी हेतुपुरस्सर न घालता, लागू झाली होती.

पुढे अमेरिकेत हे खेळ व्यावसायिक झाले तेव्हा आकारणी तासावर होती. कॉम्प्युसर्व्ह या सेवेवरील ‘आयलंड ऑफ केस्माई’ (1985) हे त्याचे ठळक उदाहरण. इथे घड्याळापेक्षा खिसा आधी संपत असे. 1997 मध्ये ‘अल्टिमा ऑनलाईन’ आणि 1999 मध्ये ‘एव्हरक्वेस्ट’ आले, ते दरमहा ठरावीक वर्गणी घेऊन. वरकरणी हा बदल खेळाडूच्या सोयीचा होता. पण त्यामुळे कंपनीचे हित खेळाडूला महिनोन्‌महिने धरून ठेवण्यात आले, आणि खेळ लांबवण्याचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे प्रतीक्षा व पुनरावृत्ती. निर्मात्यांचा हेतू एवढाच होता, असे म्हणणे अन्यायाचे होईल. परस्परांवर अवलंबून राहणारा समाज घडावा, हीही त्यांची इच्छा होती. मात्र अल्पवेळ खेळाडूच्या दृष्टीने परिणाम तोच.

‘एव्हरक्वेस्ट’मधील एक संध्याकाळ डोळ्यांसमोर आणावी. एका खंडातून दुसऱ्या खंडात जायचे तर धक्क्यावर जहाजाची वाट पाहावी लागे. बहुतेक पात्रांना एकट्याने फारशी प्रगती करता येत नसे; म्हणून गट जमवावा लागे आणि त्यात रोग बरे करणारा कोणी मिळेपर्यंत थांबणे आले. मंत्रशक्ती खर्च झाली की ती भरून येण्यासाठी मांत्रिकाने बसून राहायचे. पात्र मेले तर कमावलेले अनुभवगुण कमी होत, आणि अंगावरची सारी सामग्री प्रेतापाशी पडून राही. ती परत आणण्यासाठी दूरवरून तिथवर पोहोचणे भाग असे. ज्याच्याकडे एकच तास आहे त्याचा तास प्रेतापाशी पोहोचण्यातच संपणार, आणि मधेच ‘आता निघतो’ म्हणावे तर उरलेल्या पाच जणांचा खोळंबा. घरात मूल रडले म्हणून उठणारी आई किंवा दारावरची घंटा वाजली म्हणून उठणारा गृहस्थ या जगात बेभरवशाचा ठरे.

वेळ ही इथली खरी संपत्ती होती, हे अर्थशास्त्रज्ञ एडवर्ड कॅस्ट्रोनोव्हा यांनी 2001 मध्ये आकड्यांत दाखवले. खेळाबाहेर होणाऱ्या खरेदी-विक्रीवरून त्यांनी ‘एव्हरक्वेस्ट’मधील तासाभराच्या श्रमाचे मोल सुमारे 3.42 डॉलर काढले. ज्याच्यापाशी वेळ नव्हता पण पगार होता, तो दुसऱ्याचे तास विकत घेत होता. त्या काळी पुष्कळांना हा निव्वळ लबाडीचा व्यवहार वाटे; प्रस्तुत लेखकास मात्र त्यात खेळाच्या रचनेवरील एक मूक टीकाच दिसते. निक यी यांच्या 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या सर्वेक्षणात सहभागी झालेले खेळाडू आठवड्याला सरासरी 22 तास खेळत होते. हे उत्तर देणारे बहुधा खेळात रमलेलेच असणार, हे ध्यानात घेतले तरी अर्ध्या नोकरीइतका हा वेळ आहे.

नोव्हेंबर 2004 मध्ये आलेल्या ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ने हे समीकरण बदलले. त्यातील विश्रांतीच्या नियमाची कथा उद्बोधक आहे. चाचणीच्या काळात फार वेळ खेळणाऱ्याचे अनुभवगुण निम्मे होत. खेळाडूंना ही शिक्षा वाटली. निर्मात्यांनी मग गणित तेच ठेवून भाषा उलटवली : कमी झालेला दर हा नेहमीचा दर ठरला, आणि विश्रांती घेतलेल्यास दुप्पट गुणांचे बक्षीस मिळू लागले. तक्रार शमली. पात्राला पांथशाळेत ठेवून खेळाडू निघून गेला की दर आठ तासांना एका पातळीच्या पाच टक्के इतकी ही सवलत साठे, आणि दहा दिवसांनी तिची मर्यादा येई. अनुपस्थितीचेही काही मोल असू शकते, हे इथे मान्य झाले. त्याआधी 2003 मधील ‘ईव्ह ऑनलाईन’ या आइसलँडमधील खेळात तर कौशल्यांचे शिक्षण खेळाडू झोपलेला असतानाही चालू राही. पण तिथेही 2016 पासून कौशल्यगुण विकत घेण्याची सोय झाली, आणि वेळेची जागा पुन्हा पैशाने घेतली.

तथापि ‘वॉरक्राफ्ट’च्या शिखरावर 40 जणांची मोहीम होतीच. एकट्याने अर्ध्या तासात करण्याजोगी कामे एकीकडे आणि ठरलेल्या रात्री तीन-चार तास सलग देण्याची अपेक्षा दुसरीकडे, असे त्या जगाचे दोन भाग पडले होते. जानेवारी 2007 मध्ये नव्या मोहिमा 25 व 10 जणांच्या झाल्या. डिसेंबर 2009 मध्ये अनोळखी खेळाडूंचा गट आपोआप जुळवणारी यंत्रणा आली, आणि गटासाठी ताटकळणाऱ्याला त्या वेळात दुसरे काम करता येऊ लागले. अल्पवेळ खेळाडूस दार उघडले. पण आत ज्यांची भेट होई त्यांची नावे लक्षात ठेवण्याचे कारण उरले नाही. चार शब्द बोलण्याआधी गट विखुरलेला असे. धक्क्यावर जहाजाची वाट पाहणारी माणसे बोलत तरी होती. ही हानी मान्य करूनही, दार उघडणे योग्यच होते असे वाटते, कारण जुनी मैत्री ज्यांना सलग संध्याकाळ परवडत होती त्यांच्यापुरतीच होती.

ऑगस्ट 2019 मध्ये कंपनीने हाच खेळ त्याच्या 2004 ते 2006 या काळातील संथ रूपात पुन्हा सुरू केला, आणि एव्हाना संसारात पडलेले अनेक जुने खेळाडू परतले. ‘मोल्टन कोअर’ ही जुनी मोहीम 2005 मध्ये प्रथम सर करण्यास कित्येक महिने लागले होते. या वेळी ती पहिल्याच आठवड्यात सर झाली. लढाईत गूढ असे काही राहिले नव्हते. चाळीस जणांना एकाच संध्याकाळी, एकाच वेळी जमवण्याचे काम मात्र पूर्वीइतकेच कठीण होते.