न थांबणाऱ्या सुराची कुळकथा

स्क्रिप्ट चालून संपलेली असते, पडद्यावर चूक दाखवणारी एकही ओळ नसते, आणि तरीही स्पीकरमधून एक सूर वाजतच राहतो. संगणकाकडून आवाज काढून घेणाऱ्या बहुतेकांवर ही वेळ येते. अशा वेळी आपण स्क्रिप्टची एकेक ओळ तपासायला बसतो. पण या दोषाचं बीज त्या ओळींत नसून १९८३ सालच्या एका निर्णयात आहे. निर्णय योग्यच होता, असं मी मानतो. मात्र त्याची किंमत काय होती हे माहीत असेल तर दुरुस्ती फार लवकर सापडते.

त्याआधीच्या काळात हा दोष उद्भवायला जागाच नव्हती. १९५७ मध्ये बेल लॅब्जमध्ये मॅक्स मॅथ्यूज यांनी ‘म्युझिक’ ही आज्ञावली लिहिली. न्यूमन गटमन यांची सतरा सेकंदांची ‘द सिल्व्हर स्केल’ ही तिच्यावर तयार झालेली पहिली रचना. गणित व्हायचं न्यूयॉर्कमधल्या आयबीएम ७०४ वर. आकड्यांची टेप मग न्यू जर्सीतल्या मरे हिलला न्यायची आणि तिथल्या यंत्रातून ऐकायची. वाजवणारा आणि ऐकणारा यांच्यात एवढं अंतर असल्यावर प्रत्येक सुराबद्दल सगळं आधीच सांगावं लागणार हे उघड होतं. या घराण्यातल्या आज्ञावल्यांमध्ये स्वरलेखाच्या एकाच ओळीत वाद्य कोणतं, सूर कधी सुरू होणार आणि किती वेळ टिकणार हे लिहिलेलं असे. सुराच्या जन्माबरोबरच त्याचा शेवटही ठरलेला. बॅरी व्हर्को यांनी १९८६ मध्ये एमआयटीत तयार केलेल्या सीसाउंडमध्येही हीच रीत आहे. तिथे सूर अनिश्चित काळ धरून ठेवायचा असेल तर कालावधी मुद्दाम ऋण लिहावा लागतो. चुकून तसं होणं अवघड.

कळफलकावर बोट ठेवणाऱ्या वादकाला मात्र ही रीत उपयोगाची नव्हती. पट्टी दाबताना बोट कधी उचललं जाईल हे त्याचं त्यालाही ठाऊक नसतं. सिक्वेन्शियल सर्किट्सचे डेव्ह स्मिथ आणि रोलँडचे इकुतारो काकेहाशी यांच्या पुढाकाराने वाद्यांनी एकमेकांशी बोलण्याचं मिडी हे प्रमाण ठरलं, तेव्हा सूर सुरू करण्याचा संदेश वेगळा आणि थांबवण्याचा वेगळा ठेवला गेला. जानेवारी १९८३ मध्ये वाद्यविक्रेत्यांच्या ‘नॅम’ या संघटनेच्या प्रदर्शनात प्रॉफेट-६०० आणि ज्युपिटर-६ ही दोन वेगवेगळ्या कंपन्यांची वाद्यं एकमेकांना जोडून वाजवून दाखवली गेली. तारेतून सेकंदाला ३१,२५० बिट जात, म्हणजे एक संदेश पोचायला साधारण एक मिलिसेकंद. ही तार एकाच दिशेने बोलते. पाठवणाऱ्याला पोचपावती मिळत नाही. सुरुवातीचा संदेश पोचला आणि शेवटचा वाटेत हरवला, की वाद्य आज्ञाधारकपणे वाजत राहतं.

पेटीची पट्टी पावसाळी हवेत अडकली तरी भाता थांबला की सूर विझतो. विजेवर चालणाऱ्या वाद्याचा भाता कुणाच्याच हातात नसतो.

मिडी आखणाऱ्यांना हा धोका दिसला होता, आणि त्यांनी केलेल्या तरतुदी मला फार आवडतात. एक म्हणजे ‘ॲक्टिव्ह सेन्सिंग’: पाठवणारं वाद्य दर ३०० मिलिसेकंदांच्या आत आपण जागे असल्याची खूण पाठवत राहतं. ती यायची थांबली, की तार निसटली असं समजून ऐकणारं वाद्य आपले सगळे सूर बंद करतं. दुसरी म्हणजे १२३ क्रमांकाचा कंट्रोलर, ‘सगळे सूर सोडा’ असं सांगणारा. पण सस्टेन पेडल दाबलेलं असेल तर ही आज्ञा मिळूनही सूर टिकतात, म्हणून पुढे १२० क्रमांकाची आणखी कडक आज्ञा आली: आवाज ताबडतोब बंद. काही वाद्यांना दोन्ही आज्ञा कळत नसत. त्यांच्यासाठी ‘पॅनिक’ बटणाने मिडीच्या सोळा वाहिन्यांवर प्रत्येकी १२८ सुरांना थांबण्याचा संदेश पाठवायचा. असे २,०४८ संदेश जुन्या तारेतून जायला जवळजवळ दोन सेकंद लागतात.

आज्ञा देणारा आणि वाजवणारा यांच्यातली हीच फारकत पुढे सॉफ्टवेअरच्या आत शिरली. जेम्स मॅकार्टनी यांचं सुपरकोलायडर हे आवाज घडवण्याचं सॉफ्टवेअर १९९६ मध्ये आलं. त्याच्या तिसऱ्या आवृत्तीत त्यांनी आज्ञा देणारी भाषा आणि आवाज घडवणारा सर्व्हर हे दोन स्वतंत्र प्रोग्राम केले. दोघं ओपन साउंड कंट्रोलच्या संदेशांतून बोलतात. ही संदेशपद्धत बर्कलीत मॅट राइट आणि एड्रियन फ्रीड यांनी १९९७ मध्ये मांडली होती. संदेश सहसा यूडीपीने जातात, आणि यूडीपी पोचण्याची हमी देत नाही. सर्व्हर एकाच संगणकावर असेल तर संदेश क्वचितच गळतात. वायफायवरून दुसऱ्या संगणकाला पाठवले तर गळू शकतात.

पण अडकलेल्या सुराचं नेहमीचं कारण याहून साधं असतं. सूर सुरू करणारी ओळ माणूस दोनदा चालवतो. चलाचं नाव एकच असल्याने त्यात दुसऱ्या सुराचा पत्ता बसतो. पहिला सूर सर्व्हरवर जिवंत असतो, पण त्याला हाक मारायला भाषेच्या बाजूला नाव उरत नाही. दुसरी चूक म्हणजे बंद करताना स्वरक्रमांक नव्याने मोजणं. मधल्या वेळात गाण्याची पट्टी वर सरकवली असेल तर ६० चा सूर सुरू होतो आणि थांबण्याचा संदेश ६२ ला जातो. तिसरं कारण एन्व्हलपमधलं, म्हणजे आवाजाचा चढउतार आखणाऱ्या भागातलं. चढउतार संपल्यावर काय करायचं हे सांगणारं ‘डनॲक्शन’ दोन ठेवलं नाही, तर आवाज शून्यावर येऊनही सूर वाजवणारा घटक, म्हणजे नोड, सर्व्हरवर राहतो. ऐकू काहीच येत नाही, पण प्रोसेसरवरचा भार चढत जातो. याउलट आधीच संपलेल्या घटकाला आज्ञा दिली तर ‘नोड सापडला नाही’ अशी तक्रार येते. ती वाचून पुष्कळजण घाबरतात. मला ती हवीशी वाटते, कारण निदान इथे सर्व्हर उलटून उत्तर देतो.

म्हणून शोध सर्व्हरपासून सुरू करावा. स्क्रिप्टला काय वाटतं ते नंतर. सर्व्हरवर प्रत्यक्ष काय चालू आहे याची यादी आधी मागवावी. सुपरकोलायडरमध्ये घटकांचं झाड पडद्यावर पाहता येतं, आणि येणारा प्रत्येक संदेश छापून दाखवायला सर्व्हरला सांगता येतं. यादीतला जो घटक स्क्रिप्टच्या नोंदीत नाही, तोच अडकलेला सूर. सुरू करतानाचा क्रमांक जपून ठेवावा आणि बंद करताना तोच वापरावा. मिडी संदेश पाठवायला पायथनची मिडो ही लायब्ररी वापरणाऱ्यांनी पोर्ट उघडतानाच ‘ऑटोरीसेट’ चालू ठेवावं; पोर्ट बंद होताना ती सगळे सूर सोडण्याची आज्ञा स्वतः पाठवते.

सॅम एरन यांचं सॉनिक पाय आतून सुपरकोलायडरचाच सर्व्हर वापरतं, पण मुलांना शिकवण्यासाठी त्यात जुनीच रीत ठेवली आहे: सूर वाजव म्हटलं की तो ठरलेल्या वेळात, वेगळं काही सांगितलं नाही तर एका ठोक्यात, आपोआप संपतो. नव्याने स्क्रिप्ट लिहिणाऱ्याने हीच रीत धरावी, आणि सुरुवात-शेवट वेगळे करणारे संदेश वाद्यावर खरंच कुणाचं बोट असेल तेव्हासाठी ठेवावेत.