एका मिलिमीटरचं कूळ

भंडाऱ्याच्या बाजारात पितळेचा गुंड वाजवून घेतात. दुकानदार स्वतःच म्हणतो, "वाजवून पाहा ना जी." बोटाचं पेर आपटलं की निकोप गुंड लांबवर घुमतो. बारीकशी चीर असली तर आवाज बदबदतो आणि जागीच मरतो. डोळ्याला न दिसलेली भेग कानाला कळते. आमच्या चिमीच्या हृदयाचं माप ज्या यंत्रानं घेतलं, ते याच परीक्षेच्या कुळातलं, हे मला बरंच उशिरा कळलं.

चिमी आमची पॉमेरेनियन, वय अकरा, वजन पाच किलो. लस द्यायला नेली तेव्हा डॉक्टरांना तिच्या ठोक्यांमध्ये फुसफुस ऐकू आली. डाव्या बाजूची मायट्रल झडप गळत असावी, म्हणाले. लहान जातीच्या म्हाताऱ्या कुत्र्यांमध्ये हे नेहमीचं. नागपूरला नेऊन टू-डी इको काढला. डावा वरचा कप्पा आणि महारोहिणी यांचं गुणोत्तर आलं १.५८. आठवडाभरानं दुसरीकडे काढला, तर १.८२. एक म्हणाले थांबा, दुसरे म्हणाले गोळी सुरू करा. आठवड्यात हृदय एवढं वाढत नाही. मग वाढलं काय?

याचं उत्तर शोधायला स्वीडनमध्ये जावं लागतं. माल्मोच्या जहाज कारखान्यात पोलादाचे सांधे तपासायला कानाला न ऐकू येणारा ध्वनी वापरत. सांध्यात भेग असली की तिथूनच प्रतिध्वनी परत फिरे. जवळच्या लुंड गावात इंगे एडलर नावाचे हृदयाचे डॉक्टर होते. मायट्रल झडप अरुंद झाली आहे की गळते आहे, हे त्यांना शस्त्रक्रियेआधी कळायला हवं होतं. भौतिकशास्त्रज्ञ हेलमुट हर्ट्झ त्यांना भेटले, दोघांनी कारखान्यातलं ते यंत्र छातीवर लावून पाहिलं आणि हलणारा प्रतिध्वनी दिसला. पुढे हर्ट्झच्या वडिलांच्या ओळखीनं सीमेन्सचं यंत्र मिळालं, आणि २९ ऑक्टोबर १९५३ रोजी धडधडत्या हृदयाचं पहिलं ध्वनिचित्र नोंदलं गेलं. हे वडील म्हणजे नोबेलविजेते गुस्ताव हर्ट्झ, आणि त्यांचे काका हाइन्रिश हर्ट्झ. इकोच्या प्रोबवर 'मेगाहर्ट्झ' लिहिलेलं असतं ते त्या काकांच्या नावावरून.

मला या कथेतला सर्वांत मोलाचा भाग त्यानंतरचा वाटतो. पडद्यावर एक रेष जोरात हलायची. एडलरना आधी वाटलं, ही डाव्या वरच्या कप्प्याची भिंत. पण त्यांनी तेवढ्यावर भागवलं नाही. मरणाच्या दारी असलेल्या रुग्णांच्या छातीवर ध्वनीची जागा आणि दिशा खुणावून ठेवली, आणि मृत्यूनंतर त्याच वाटेनं बर्फ फोडायचा टोचा आत घातला. तो मायट्रल झडपेच्या पुढच्या पाकळीत शिरला. रेष खरीच होती, तिचं नाव चुकलं होतं. मापाची विश्वासार्हता हा विषय माझ्या लेखी त्या टोच्यापासून सुरू होतो.

शरीरात ध्वनी सेकंदाला सुमारे १५४० मीटर जातो. तो परत यायला लागलेल्या वेळावरून यंत्र अंतर काढतं, त्यात ते फारसं चुकत नाही. पण कुठून कुठपर्यंत मोजायचं, हे माणूस ठरवतो. माणसांच्या इकोत रेषेची कुठली कड धरायची, यावर अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी १९७८ मध्ये एकमत केलं. कुत्र्याचं आणखी अवघड. श्वासाबरोबर त्याचे ठोके जवळ-लांब पडतात, धाप लागली की फुप्फुस आड येतं. पुन्हा पाच किलोच्या आणि पन्नास किलोच्या कुत्र्याला एकच माप कसं लावायचं? म्हणून वरचा कप्पा महारोहिणीशी ताडतात. खालच्या कप्प्याची रुंदी सेंटिमीटरमध्ये घेऊन वजनाच्या ०.२९४ व्या घातानं भागतात. २०१६ मध्ये ३६० कुत्र्यांवरचा एपिक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात पहिला आकडा १.६ आणि दुसरा १.७ किंवा त्याहून जास्त असलेल्या कुत्र्यांना लक्षणांआधीच पिमोबेंडनची गोळी दिली, तेव्हा हृदय निकामी होणं सुमारे सव्वा वर्ष लांबलं. तेव्हापासून दशांशानंतरच्या एका आकड्यावर गोळी ठरू लागली.

आता चिमीचा हिशेब. १९ मिलिमीटर भागिले १२, म्हणजे १.५८. वीस भागिले अकरा, म्हणजे १.८२. दोन्हीकडे फरक एकेक मिलिमीटरचा, ज्वारीच्या दाण्याहूनही कमी.

शेवटी तिसरीकडे गेलो. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी दोन्ही जुनी चित्रं पडद्यावर शेजारी लावली. "हे पाहा ताई, इथं चित्र उशिरा थांबवलंय, कप्पा अर्धा रिकामा झालाय. आणि इथं खूण फुप्फुसाकडून येणाऱ्या शिरेच्या तोंडात गेली आहे." मग चिमीला उजव्या कुशीवर घेतलं. मधोमध भोक असलेलं टेबल, खालून प्रोब. बाईंनी महारोहिणीची झडप मिटल्याबरोबरचं पहिलं चित्र धरलं, शिरेच्या तोंडाशी मनानं भिंत ओढली, खूण टेकवली, आकडा लिहिला आणि सगळं पुसलं. पुन्हा पुढचा ठोका. असे पाच. मी चिमीचं डोकं तळहातावर धरून होते.

सरासरी आली १.६६. खालचा कप्पा २९ मिलिमीटर, वजनानुसार १.८. कुठल्या चित्रावर, कुठून कुठपर्यंत मोजलं, तेही बाईंनी अहवालात लिहिलं, म्हणजे पुढच्या वेळी कुणीही मोजलं तरी तिथूनच मोजेल. चिमीची गोळी त्याच संध्याकाळी सुरू झाली.