तुलसीदास बलराम : हैदराबादचा, म्हणून आपलाही

नाटक, संगीत, आपल्या शाळा, मुक्तिसंग्राम यांवर आपल्या स्मरणिकांतून पुष्कळ लिहून झाले. फुटबॉल मात्र राहून गेला. वास्तविक १९५०च्या दशकात देशात हैदराबादचा दरारा होता तो फुटबॉलमध्ये. सय्यद अब्दुल रहीम यांच्या तालमीतल्या हैदराबाद सिटी पोलीस संघाने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे रोव्हर्स कप जिंकला, तोही मुंबईत जाऊन!

याच वातावरणात तुलसीदास बलराम घडला. जन्म ४ ऑक्टोबर १९३६, सिकंदराबादजवळच्या अम्मुगुड्यात. घर तमिळ आणि गरीब. आपल्या घरांसारखेच, मायबोली बाहेरची आणि माती इथली. शहरात सरावाला येण्याचीही ऐपत नव्हती. रहीमसाहेबांनी भाड्याच्या सायकलीसाठी रुपया देऊ केला, ही आठवण बलराम पुढे सांगत असत.

१९५६ साली संतोष ट्रॉफीच्या अंतिम फेरीत हैदराबादने मुंबईला हरवले. बलराम हैदराबादच्या संघात होता. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला हैदराबाद राज्य मोडले, मराठवाडा मुंबई राज्यात गेला आणि आपल्यापैकी अनेकांची मूळ गावे, सोयरीक सीमेपलीकडे राहिली. अशा वर्षी इथल्या मराठी माणसाने टाळी कोणासाठी वाजवावी? आम्हांला विचाराल तर हैदराबादसाठीच. आपण इथे राहिलो तो काही नाइलाज म्हणून नव्हे.

वर्षअखेरीस मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारत चौथा आला, त्या संघात विशीतला बलराम होता. १९५७ मध्ये ईस्ट बंगालने त्याला कलकत्त्याला नेले. पैसा, नोकरी आणि प्रेक्षक तिकडे होते, त्यामुळे दोष कोणाला द्यायचा? १९६०च्या रोम ऑलिंपिकमध्ये त्याने हंगेरी आणि पेरू या दोघांविरुद्ध गोल केले. १९६२ मध्ये जकार्ता आशियाई स्पर्धेचे सुवर्णपदक आणि अर्जुन पुरस्कार मिळाला. चुनी गोस्वामी, पी. के. बॅनर्जी आणि बलराम हे त्रिकूट तेव्हा सर्वतोमुखी होते.

जून १९६३ मध्ये रहीमसाहेब कर्करोगाने गेले. त्याच वर्षी फुप्फुसाच्या आजाराने बलरामचा खेळ थांबला, वयाच्या अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी. पुढे चुनी आणि पी. के. दोघांनाही पद्मश्री मिळाली, बलरामला नाही. हे आम्हांला आजही खटकते. त्याने उतारवय काढले ते कोलकात्याजवळच्या उत्तरपाड्यात, आणि १६ फेब्रुवारी २०२३ रोजी त्याचे निधन झाले. बंगालने त्याला अखेरपर्यंत आपला मानले. त्याच्या जन्मगावी मात्र आज नव्या पिढीला त्याचे नाव सांगावे लागते.

फतेह मैदानावर सामने पाहिलेली मंडळी अजून आपल्यात आहेत. त्या काळची तिकिटे, छायाचित्रे, वर्तमानपत्रांची कात्रणे कोणाच्या ट्रंकेत असतील, तर आरतीला येताना बरोबर आणावीत. मंडळाच्या कपाटात त्यांसाठी एक खण मोकळा केला आहे.