जीवाणुभक्षींची कवच-प्रथिने : ओळख व इतिहास

जीवाणूंना संसर्ग करून त्यांच्यातच वाढणाऱ्या विषाणूंना जीवाणुभक्षी म्हणतात. त्यांचे न्यूक्लिइक अम्ल ज्या प्रथिनमय कवचात सुरक्षित असते त्यास कॅप्सिड ही संज्ञा आहे. या कवचातील प्रथिनांचे नाते ॲमिनो अम्लांच्या क्रमापेक्षा साखळीच्या त्रिमितीय घडीवरून अधिक दूरवर शोधता येते.

आग्रा येथे काम करणारे अर्नेस्ट हॅन्किन यांनी १८९६ मध्ये गंगा-यमुनेच्या पाण्याचा पटकीच्या जंतूंवर होणारा मारक परिणाम नोंदविला. पुढे त्याचा संबंध जीवाणुभक्षींशी जोडण्यात आला. त्यांचा प्रत्यक्ष शोध फ्रेडरिक ट्वॉर्ट (१९१५) व फेलिक्स देरेल (१९१७) यांनी लावला. एकाच प्रकारच्या प्रथिनाच्या अनेक प्रती विंशतिफलकाच्या सममितीने जुळून गोलसर कवच कसे बनते, याचा सिद्धांत डोनाल्ड कॅस्पर व ॲरन क्लुग यांनी १९६२ मध्ये मांडला.

विषाणूंची जनुके झपाट्याने बदलतात. त्यामुळे एकाच पूर्वजापासून आलेल्या दोन प्रथिनांच्या क्रमांत कालांतराने साम्य उरत नाही. घडी मात्र टिकते, कारण ती मोडल्यास कवचच उभे राहत नाही. १९९९ मध्ये पीआरडी१ या जीवाणुभक्षीच्या प्रमुख कवच-प्रथिनाची संरचना क्ष-किरणांच्या साहाय्याने ज्ञात झाली. ती माणसास बाधणाऱ्या ॲडिनोव्हायरसाच्या प्रथिनासारखी निघाली. क्रमांत मात्र साम्य नव्हते. २००० मध्ये एचके९७ या जीवाणुभक्षीच्या कवचाची संरचना प्रसिद्ध झाली. त्यातील प्रथिनांची कडी चिलखताप्रमाणे एकमेकांत अडकलेली असतात. हीच मूळ घडी २००५ मध्ये हर्पिस विषाणूच्या कवचातही दाखविण्यात आली.

मात्र केवळ घडीवरून वंशसंबंध ठरविणे धोक्याचे असते. कवचांत आढळणारी पिंपाच्या आकाराची घडी विषाणूंबाहेरील प्रथिनांतही दिसते, तर एमएस२ या जीवाणुभक्षीच्या कवचाची घडी (१९९०) अगदी वेगळी आहे. म्हणून कवचाची एकंदर मांडणी व न्यूक्लिइक अम्ल आत भरण्याची रीत यांचाही विचार करावा लागतो. हर्पिस व शेपटीयुक्त जीवाणुभक्षी या दोहोंत ते कवचाच्या एकाच शिरोबिंदूवरील द्वारातून आत जाते. त्यामुळे त्यांच्या नात्यास बळकटी मिळते.

ज्ञात संरचनेवरून अज्ञात संरचना ठरविण्याचे काम महाराष्ट्रातही झाले. पुणे विद्यापीठातील अशोक कोळसकर व ऊर्मिला कुलकर्णी-काळे यांनी १९९९ मध्ये जपानी मस्तिष्कशोथाच्या विषाणूच्या बाह्यावरणातील प्रथिनाची संरचना अनुमानिली. त्यासाठी गोचिडीमार्फत पसरणाऱ्या मस्तिष्कशोथाच्या विषाणूचे प्रथिन त्यांनी नमुना म्हणून घेतले. हे प्रथिन जीवाणुभक्षीचे नव्हे. तत्त्व मात्र तेच. २०१२ मध्ये त्या प्रथिनाची स्फटिक-संरचना प्रत्यक्ष मिळाली.

२०२० मध्ये आंतरराष्ट्रीय वर्गीकरण समितीने विषाणूंच्या वरच्या स्तरावरील गटांची विभागणी करताना कवच-प्रथिनांच्या घडीस महत्त्व दिले. २०२१ पासून अनुमानित संरचनांचे मोठे संग्रह उपलब्ध झाल्याने जीवाणुभक्षींच्या जीनोमांतील अनामिक जनुकांची तुलना सुलभ झाली आहे. प्रतिजैविकांना दाद न देणाऱ्या जीवाणूंवर जीवाणुभक्षींचा उपयोग करावयाचा झाल्यास, त्यांची जनुके कोणते काम करतात हे आधी कळणे उपयुक्त ठरते. अशा अनुमानास प्रयोगाचा आधार मिळेपर्यंत मात्र ते अनुमानच राहते.