कोंड्यातले औषध

पायांची आग होते, मुंग्या येतात, पुढे पाय उचलतच नाहीत. बेरीबेरी म्हणतात ती हीच. एकोणिसाव्या शतकात तांदूळ सडायच्या वाफेच्या गिरण्या आल्या आणि पूर्वेकडच्या भातखाऊ देशांत हा रोग बोकाळला. जंतुशास्त्राच्या त्या बहरात याचाही जंतूच असणार, असे विद्वान धरून चालले.

जावा बेटावर बटाव्हियात डच डॉक्टर आइकमान हा जंतू शोधीत होते. १८८९ च्या सुमारास त्यांच्या प्रयोगशाळेतल्या कोंबड्याच लुळ्या पडल्या, आणि काही महिन्यांनी आपोआप बऱ्याही झाल्या! उलगडा मोठा गमतीचा. त्यांना लष्करी इस्पितळातला पांढरा भात मिळे. नव्या आचाऱ्याने, नागरी कोंबड्यांना लष्करचा भात कशाला, म्हणून तो बंद केला. असडीक तांदूळ मिळताच कोंबड्या उभ्या राहिल्या. पुढे फोर्डरमन यांनी जावातले शंभरावर तुरुंग तपासले. सडीक भाताच्या तुरुंगांतच रोग फार आढळला.

तरी आइकमानांना वाटे, भातात विष आहे नि कोंडा त्यावर उतारा. १९०१ मध्ये त्यांचे सहकारी ख्राइन्स यांनी नेमके सांगितले: विष नव्हे, उणीव! मज्जातंतूंना लागणारे काहीतरी कोंड्याबरोबर फेकले जाते. तेच 'ब-१' जीवनसत्त्व. १९२६ मध्ये ते कोंड्यातूनच शुद्ध रूपात निघाले. १९२९ मध्ये आइकमानांना नोबेल पारितोषिक मिळाले.

आपल्या कोकण-गोव्याचा उकडा तांदूळ घ्या. भात सालीसकट उकडताना हे सत्त्व दाण्यात मुरते, मग सडले तरी बरेचसे टिकते. पेजेच्या त्या वाटीला, मंडळी, गरिबाचे अन्न म्हणून नाक मुरडू नये!